दोन ओळींची जागा

फुफीनं टाय आणला होता. गडद निळा, बारीक पांढऱ्या ठिपक्यांचा, आणि अशा ऐटदार डबीत की अम्मीला आधी वाटलं, आत दागिनाच आहे.

"उद्या पहिल्या पानावर फोटो येणार," फुफी दारातूनच म्हणाली. "आणि माझा भाऊ त्यात तो चहाच्या डागांचा सदरा घालून बसणार असेल, तर मी नातं सांगणार नाही. आधीच सांगून ठेवते."

"आपा, फोटो कालच काढून झाला," अब्बा म्हणाले.

"मग आज परत काढ. संपादक तू आहेस ना?"

"उद्यापासून."

त्या 'उद्यापासून'वर सगळे हसले. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत त्या रविवारी कुणालाही कशावरूनही हसू येत होतं, आणि का येऊ नये? छत्तीस वर्षांपूर्वी जो माणूस एका बॅगेनिशी या शहरात उतरला, ज्यानं इथली भाषा खालच्या लाँड्रीच्या पावत्या वाचून शिकायला घेतली, तो उद्या त्याच भाषेतल्या सगळ्यात मोठ्या दैनिकाचा मुख्य संपादक होणार होता. या देशात न जन्मलेला एकही माणूस त्या खुर्चीत आजवर बसला नव्हता. मुसलमान तर लांबच राहिला. विश्वस्त मंडळानं गुरुवारी नाव पक्कं केलं होतं. आज चार वाजता बैठकीत सह्या व्हायच्या, एवढाच उपचार उरला होता.

साडेबाराला, ताटं मांडलेली असताना, कचेरीचा शिपाई एक पाकीट देऊन गेला. अब्बांनी ते उभ्याउभ्याच वाचलं. चष्मा काढून पुसला, परत वाचलं आणि घडी करून आपल्या ताटाखाली सरकवलं.

फुफीच्या हातातला पाण्याचा जग तसाच राहिला. तिनं हे आधी एकदा पाहिलं होतं. जुन्या देशात, आईच्या स्वयंपाकघरात, चोवीस वर्षांच्या या पोरानं असाच एक कागद ताटाखाली सरकवला होता आणि शेवटच्या घासापर्यंत शांतपणे जेवला होता. त्याच्या छापखान्याला सील ठोकल्याचा हुकूम होता तो. तिसऱ्या महिन्यात हा भाऊ बोटीवर होता, आणि पाच वर्षांनी उरलेलं सगळं घर त्याच्या मागून.

"काढ तो कागद," ती म्हणाली.

"आपा, आधी जेवू."

"काढतोस की मी काढू?"

कागद निघाला. एक पत्र आणि त्याला जोडलेली एका जुन्या पानाची झेरॉक्स. पान त्यांच्याच साप्ताहिकाचं होतं, सत्तावीस वर्षांपूर्वीचं. खालच्या तळघरात अब्बा लिहायचे आणि धाकटा भाऊ, म्हणजे पोरांचा चाचा, शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून छापायचा, त्या दिवसांतलं. पानावर अब्बांचा लेख होता, कामगार पक्षाच्या एका उमेदवाराची तोंड भरून स्तुती करणारा. अब्बा तेव्हा त्याच पक्षाचे सभासद होते, त्याच उमेदवाराच्या प्रचारसमितीवर होते, आणि हे त्या लेखात कुठेही म्हटलेलं नव्हतं. कुणा 'हितचिंतका'नं ते पान भाषांतरासकट मंडळाकडे धाडलं होतं. अध्यक्षाबाईंनी पत्रात एवढंच लिहिलं होतं की दैनिकाच्या नियमावलीचं कलम सात आपल्याला ठाऊक आहेच, खुलासा बैठकीपूर्वी मिळावा.

"काय आहे हे कलम सात?" अम्मीनं विचारलं.

वकील मुलानं मान खाली घालून सांगितलं, "स्वतःच्या पक्षाविषयी लिहिताना आपलं सभासदत्व लपवणाऱ्याला त्या दैनिकात संपादक होता येत नाही."

"आणि हा मूर्खासारखा नियम लिहिला कुणी?"

"मी," अब्बा म्हणाले. "अकरा वर्षांपूर्वी, तिथं सहसंपादक असताना."

"झालं!" फुफीनं जग आदळला. "हात दाखवून अवलक्षण!"

आता ज्यांना या घराची सवय आहे त्यांना हे सांगायला नको, की लपवणं हा अब्बांचा रोग कधीच नव्हता, रोग होता तो उलटा. कुठल्याही पक्षाविषयी चार शब्द लिहिले की खाली दोन ओळींची कबुली यायची. लेखक या पक्षाचा सभासद आहे, वाचकांनी हे लक्षात ठेवून वाचावे. बातमी पाच ओळींची आणि कबुली दोन ओळींची. नाकापेक्षा मोती जड, म्हणून सगळी गल्ली हसायची. पुढे बाहेरून आलेल्या माणसांना घरच्यांना इथं बोलावून घ्यायला बंदी करणारा कायदा आला, कामगार पक्षानं त्याच्या बाजूनं मतदान केलं आणि अब्बांनी त्याच दिवशी राजीनामा दिला. त्या राजीनाम्याची बातमीही स्वतःच लिहिली, आणि तिच्याखाली, 'या बातमीचा लेखक कालपर्यंत सदर पक्षाचा सभासद होता.' तेव्हापासून ते कुठेच नव्हते. मशिदीतली मंडळी त्यांना लाल म्हणायची. लाल मंडळी म्हणायची, शुक्रवारी दुपारी हा कधी सापडत नाही. अब्बा दोघांकडेही जायचे आणि दोघांचंही छापायचे.

"हे बघा," वकिलानं ताट बाजूला सारलं. "कलमात 'लपवणं' असा शब्द आहे. म्हणजे हेतू सिद्ध व्हायला हवा. शिवाय समिती ही पक्षाची होती की उमेदवाराची खासगी, हा मुद्दा काढता येईल. आणि सभासदत्वाची पावती त्यांच्याकडे..."

"मी सभासद होतो. पावती माझ्याकडे आहे. तुला दाखवू?"

"अब्बा, मला दाखवू नका! मी तुमचा वकील आहे."

"तो बरोबर बोलतोय," अम्मी म्हणाली. शिवणयंत्रावर वाकून वाकून तिच्या मानेला बाक आला होता, पण आज ती ताठ बसली होती. "उत्तर द्यायचं. गप्प बसलो तर त्यांना तेच हवंय. इतकी वर्षं काय त्यांच्या दारात उभं राहून परत फिरायला घालवली?"

"मला वाटतं, भाभी, सोडावी ती खुर्ची," चाचा म्हणाला.

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. चाचा एवढा वेळ बोलला नव्हता, आणि त्यानं न बोलणं हीच मुळात बातमी होती. छापखाना बंद झाल्यापासून तो स्थलांतरितांच्या आघाडीचं काम करायचा. सभा, मोर्चे, कर्ण्यावरून भाषणं. भावानं आघाडीत यावं म्हणून त्यानं दहा वर्षं डोकं खाल्लं होतं.

"त्यांची खुर्ची त्यांना लखलाभ," तो ताटातल्या घासाकडे बघत म्हणाला. "भाईजान, आघाडीची उमेदवारी घ्या. वसंतात निवडणूक आहे. आपली माणसं डोक्यावर घेतील. कशाला हवा खुलासा आणि फिलासा?"

"हा पहिल्यांदा शहाण्यासारखं बोलला," फुफी म्हणाली. "मानानं बाहेर पड. काढून टाकल्यावर बाहेर पडण्यापेक्षा ते बरं."

फुफी आणि चाचा एका बाजूला! वडिलांच्या मातीनंतर हे दोघे कशावरही एकमत झाले नव्हते. मुलीनं, म्हणजे घरातल्या शेंडेफळानं, हे टिपलं. तिनं झेरॉक्स उचलली आणि ती एकदम ओरडली, "अरे, ही तर मी!"

लेखाच्या खाली, पानाच्या तळाशी, एक छोटीशी चौकट होती. 'आमच्या संपादकांना आज दुपारी कन्या झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप.' याच चौकटीचं कात्रण अम्मीच्या शिवणयंत्रावर फ्रेममध्ये सत्तावीस वर्षं टांगलेलं होतं. त्यापायी मुलीचं घरातलं नावच चौकट पडलं होतं.

"अब्बा, तुम्ही ओळ विसरलात? तुम्ही?"

अब्बा उठून कपाटापाशी गेले. साप्ताहिकाच्या बांधलेल्या फायलींतली एक काढली, पान उलटलं. लेखाच्या खाली चौकोनी भोक होतं. कात्रण याच प्रतीतून कापलं होतं, आणि त्या खिडकीतून मागच्या पानावरची बूटदुकानाची जाहिरात दिसत होती.

"मी हे पान छापलेलं कधी धड पाहिलंच नाही," ते हळू म्हणाले. "प्रूफ सकाळी तपासलं आणि दवाखान्यात गेलो. अंक हातात आला तोवर तुझ्या आईनं कात्री चालवली होती. ओळ मी लिहिली होती की नव्हती, आठवत नाही."

"लिहिली असणार! तुम्ही विसरणं शक्य नाही."

"विसरलो असेन तर बरं, बेटा. विसरलो नसेन तर?" ते खुर्चीत बसले. "त्या वर्षी तो माणूस निवडून यायला हवा होता. फार हवा होता मला. दोनशे बारा मतांनी आला. आपल्या गल्लीची मतं तीनशे. मी जर त्या एका आठवड्यात मनाशी म्हटलं असेल, की या वेळी नको ती ओळ, तर? मला आज शपथ घेऊन नाही सांगता येत."

त्यांनी खिशातलं पेन काढलं, अध्यक्षाबाईंचंच पत्र उलटं केलं आणि माघारीचा मजकूर लिहायला घेतला. आयुष्यात पहिल्यांदा अम्मीला नवऱ्याची भीती वाटली, कारण तो स्वतःवर विश्वास नसलेल्या माणसासारखा लिहीत होता.

चाचा त्या पेनाकडे बघत होता.

खाई त्याला खवखवे म्हणतात ते खोटं नाही. चाचाला तो बुधवार लख्ख आठवत होता. तळघर, शिशाचा वास, शहरानं मोडीत काढलेलं आणि या दोघा भावांनी उचलून आणलेलं ते छपाईयंत्र. दोन वाजता वरून लाँड्रीवाल्यानं हाक मारली होती, फोन आहे, मुलगी झाली. चाचा तेव्हा अठ्ठावीसचा. तो आनंदानं नाचला होता, अक्षरशः, शाईच्या हातांनी. आणि मग त्याला वाटलं, ही बातमी याच अंकात गेली पाहिजे. पान जुळवून तयार, जाहिराती बसलेल्या. जागा हवी दोन ओळींची आणि चौकटीची. त्यानं पानावरून नजर फिरवली. भाईजानची ती ओळ तिथं होती. दर आठवड्याला असते, गल्लीला पाठ आहे, एका आठवड्यानं काय बिघडतंय? त्यानं त्या दोन ओळी चिमट्यानं उचलून बाजूला ठेवल्या होत्या.

चार दिवसांनी उमेदवार दोनशे बारा मतांनी आला तेव्हा चाचाला त्या बाजूला ठेवलेल्या दोन ओळी आठवल्या. सांगू म्हणाला, पण त्याच महिन्यात भाईजाननी एका बातमीदाराला एवढ्याशा चुकीवरून घरी बसवलं होतं. मग पुढच्या महिन्यात सांगू. मग पुढच्या वर्षी. दहा वर्षं उलटल्यावर तर ते तोंडात येईनासंच झालं.

तो उठला. शिवणयंत्रापाशी जाऊन त्यानं भिंतीवरची फ्रेम उतरवली.

"अरे, ती कशाला काढतोस?" फुफी ओरडली. "याचं काय बिघडलंय आज?"

चाचानं टेबलावरची सुरी घेतली आणि फ्रेमच्या मागचे खिळे एकेक करून उचकटले. ही फ्रेम त्यानंच तर करून आणली होती, बारशाची भेट म्हणून. मागचा पुठ्ठा निघाला. पुठ्ठा आणि कात्रण यांच्यामध्ये एक पिवळा कागद चौघडी करून ठेवलेला होता. त्यानं तो भावासमोर उलगडला.

प्रूफ होतं ते. त्याच लेखाचं. कडेला अब्बांच्या हातच्या दुरुस्त्या, वर तारीख, खाली सही. आणि लेखाच्या तळाशी, छापलेली, स्वच्छ, दोन ओळींची कबुली. तिच्याभोवती पेन्सिलीचं वेटोळं आणि चाचाच्या गिचमिड अक्षरात दोन शब्द: 'जागा नाही.'

"मी काढली," चाचा म्हणाला. "चौकटीसाठी. चौकट बसेना म्हणून. मला सांगायचं होतं, भाईजान, खरंच सांगायचं होतं."

"आणि हा कागद सत्तावीस वर्षं आमच्या भिंतीवर टांगलास?" अम्मीनं विचारलं.

"फेकवेना, भाभी. आणि दाखववेना."

अब्बा त्याचं काही ऐकत नव्हते. त्यांनी त्या दोन ओळींवर बोट ठेवलं होतं, आणि ते बोट ओळीखालून सावकाश शेवटपर्यंत गेलं.

"लिहिली होती," ते म्हणाले. आणि परत, "मी लिहिली होती." चष्मा काढून त्यांनी डोळ्यांवर हात धरला. एका तासात त्यांना जे गेल्यासारखं वाटलं होतं, ते परत मिळालं होतं. संपादकपदाशी त्याचा संबंधच नव्हता.

मग त्यांनी हात खाली घेतला आणि धाकट्या भावाकडे बघून सगळं घर हादरेल अशा आवाजात ओरडले, "गाढवा! बूटदुकानाची जाहिरात काढायची होतीस!"

फुफीला हसू फुटलं. मग अम्मीला. चाचा मात्र रडत होता, आणि रडतारडताच म्हणाला, "ती मागच्या पानावर होती, भाईजान!"

साडेतीन वाजता ते सगळे रस्त्यावर होते, कारण फुफीला घरी थांब म्हणण्याची कुणाची छाती नव्हती. जिन्यात वकिलानं चाचाला थांबवलं. "कागद मी नेऊन दिला तरी चालेल. तुम्ही तिथं कबूल केलंत की उद्या आघाडीतले तुम्हाला विचारतील, निवडणुकीत ओळ गाळणारा माणूस आमचा पुढारी कसा? तुमचं काम संपेल."

"संपू दे," चाचा म्हणाला. "आघाडीला दुसरा मिळेल. कर्णा काय, कुणीही धरतो."

सभागृहात लांब टेबलाभोवती सात विश्वस्त होते. चौकटीला वाटलं होतं, अब्बा बोलतील. त्यांनी नुसतं प्रूफ टेबलावर ठेवलं आणि भावासाठी खुर्ची ओढली. चाचा बसला नाही. कर्ण्यावरून हजारोंपुढे बोलणारा हा माणूस, त्याची इथली भाषा आज तोंडातच अडखळत होती. पण त्यानं सगळं सांगितलं, लाँड्रीवाल्याच्या हाकेपासून चिमट्यापर्यंत.

एका जाड चष्म्याच्या विश्वस्तानं विचारलं, "म्हणजे निवडणुकीच्या तोंडावर तुम्ही लेखकाची कबुली दाबलीत, हे मान्य?"

"दाबली नाही. जागा नव्हती."

"असं काय महत्त्वाचं छापायचं होतं तुम्हाला, की ज्यासाठी ही ओळ काढावी लागली?"

चाचानं मागं वळून पाहिलं. पुतणी भिंतीशी उभी होती, सत्तावीस वर्षांची, बापासारखं कपाळ आणि आईसारखी हनुवटी.

"ही," तो बोट दाखवून म्हणाला.

आधी अध्यक्षाबाई हसल्या. मग टेबलाभोवती हसू पसरलं, आणि जाड चष्म्याचा तो विश्वस्त तेवढा झेरॉक्सवरच्या चौकटीकडे आणि चौकटीकडे आळीपाळीनं बघत राहिला. चौकटीला कुठं तोंड लपवावं कळेना. तिला लाज वाटत होती आणि त्याहून कितीतरी जास्त आनंद होत होता.

त्यांना बाहेर थांबायला सांगितलं. वीस मिनिटं. फुफीनं तेवढ्यात भावाच्या गळ्यात टाय बांधला, सोडला, परत बांधला. दार उघडलं तेव्हा अध्यक्षाबाई स्वतः बाहेर आल्या आणि त्यांनी अब्बांसमोर हात केला. "पाच विरुद्ध दोन," त्या म्हणाल्या. "अभिनंदन, संपादक. कलम सातला मात्र हात लावू नका. चांगला नियम आहे."

अम्मीनं दुआसाठी दोन्ही हात उचलून तोंडावर फिरवले. वकिलानं चाचाला एवढी घट्ट मिठी मारली की चाचाचा चष्मा खाली पडला. आणि अब्बा, जे छापखान्याला सील लागलं तेव्हा रडले नव्हते आणि बोटीवरही रडले नव्हते, ते त्या कचेरीच्या गालिच्यावर उभे राहून बहिणीच्या खांद्यावर डोकं ठेवून मोकळेपणी रडले. "टाय भिजवू नकोस," फुफी म्हणाली, पण तिनं त्याला सोडलं नाही.

फोटो परत काढला गेला, टायसकट. सहा वाजता अब्बा पान लावण्याच्या खोलीत शिरले, आणि त्यांनी मागं घुटमळणाऱ्या चाचाला दंडाला धरून आत ओढलं. पडद्यावर उद्याचं पहिलं पान होतं. नव्या संपादकाची बातमी, मधोमध मोठा फोटो. अब्बांनी एका चिठ्ठीवर मजकूर लिहून पान लावणाऱ्या मुलीपुढे ठेवला. "हे बातमीच्या खाली जाईल."

तिनं वाचलं. 'सत्तावीस वर्षांपूर्वी एका लेखाखाली हे छापायचे राहून गेले: लेखक त्या वेळी कामगार पक्षाचा सभासद होता व त्या उमेदवाराच्या प्रचारसमितीवर होता. वाचकांनी हे लक्षात ठेवून तो लेख वाचावा.'

"सर, आता? सत्तावीस वर्षांनी?"

"वरातीमागून घोडं," अब्बा म्हणाले. "पण घोडं येऊन पोचलंय. छापा."

तिनं मजकूर बसवून पाहिला आणि मान हलवली. "दोन ओळी जास्त होतात, सर. काहीतरी काढावं लागेल. काय काढू?"

अब्बा खुर्चीवर मागं रेलले. त्यांनी भावाकडे बोट केलं.

"याला विचारा. याला सवय आहे."

चाचाचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. पण मग तो पुढे झाला, पडद्यासमोर वाकला, आणि तीस वर्षांपूर्वी शिकलेली ती नजर पानावरून वरपासून खालपर्यंत फिरली. बातमीला त्यानं हात लावला नाही. कबुलीला तर नाहीच नाही.

"फोटो खालून कापा," तो म्हणाला. "दोन ओळी. इथून, हनुवटीच्या खालून."

सकाळी सातला अब्बांचा फोन वाजला. सगळ्या शहराच्या हातात अंक पडला होता. चौकटीनं फोन उचलला आणि कानापासून लांब धरला, तरी आवाज सगळ्या घरभर ऐकू गेला.

"टाय कुठाय?" फुफी विचारत होती. "माझा टाय कुणी काढला?"